पैजेतले अकरा टक्के

२ फेब्रुवारी २०२५
बोगद्याची साइट, अरुणाचल

केद्या,

जय भीम. शाळेत पत्रलेखन शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक तलावावर होतो, आणि सातवीनंतर तर शाळाच सोडली. त्यामुळे वरती काय लिहितात, खाली काय लिहितात ते मला येत नाही. समजून घे. पत्ता मात्र दोनदा तपासलाय. केदार मोबाईल रिपेअरिंग, कोपरी, ठाणे पूर्व. पोस्टमन तुझ्याकडूनच स्क्रीनगार्ड लावून घेतो, म्हणजे पोचेल.

हसू नको. पत्र लिहायचं कारण असं की इथे फोन गेटवरच काढून घेतात. बाजूला फौजेचा तळ आहे, म्हणून. प्रत्येकाचा फोन पिशवीत, पिशवीवर नंबर, पिशवी लोखंडी कपाटात. माझा नंबर एकशे बारा. सुट्टीवर निघालो की परत. रविवारी ऑफिसच्या फोनवरून घरी पाच मिनिटं मिळतात, ती आईलाच पुरत नाहीत. जेवलास का, स्वेटर घातलास का, एवढ्यात पुढचा माणूस पाठीत बोट घालतो.

काम काय करतो ते ऐकलंस तर म्हणशील, नशीबच. दिव्यांच्या खोलीत आहे. बोगद्यात जाणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटवर दिवा असतो, त्या दिव्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या. माणूस आत जाताना पितळेचा बिल्ला माझ्याकडे देतो आणि दिवा नेतो. बाहेर आला की दिवा ठेवतो, बिल्ला नेतो. शिफ्ट संपली आणि खिळ्यावर बिल्ला राहिला, तर समजायचं माणूस अजून आत आहे. साधा हिशोब. इथे थंडीत बॅटरी अशी बसते की विचारू नको. आणि संध्याकाळी सव्वापाचला काळोख. मला सगळे ‘चार्जिंगवाला’ म्हणतात.

आमचा सुपरवायझर आयफोनवाला आहे. फोन कपाटात, तरी तोरा आहेच. मी त्याला बोललो, साहेब, तुमचा फोन दिसायला नवरदेव, पण दुपारपासून भिंतीला चिकटलेला. माझी पाच हजार एमएएचची बॅटरी, दोन दिवस विचारायचं काम नाही. तो चिडला. मला तुझी लई आठवण आली.

काका कसे आहेत? बोलायला लागले का? खरं खरं लिही.

तुझा
संद्या


२७ फेब्रुवारी २०२५
कोपरी

संद्या,

पत्र अठरा दिवसांनी मिळालं. पोस्टमन म्हणाला, “केदारशेठ, तुम्हाला हाताने लिहिलेलं पत्र? कोर्टाचं तर नाही ना?” मी म्हटलं, त्याहून वाईट, मित्राचं आहे.

तू पळालास तेव्हा मी अक्षदाला म्हणालो होतो, हा तीन महिन्यांच्या वर कुठे टिकायचा नाही. गॅरेज सोडलंस, कुरिअर सोडलंस, माझ्या दुकानातलं टेबल सोडलंस. तिथे तरी टिक.

आता भांडण. पाच हजारचा आकडा मला सांगू नको. टाकी मोठी आणि नळ गळका असला तर काय उपयोग? तुझ्या फोनमध्ये तू न मागता पंचवीस ॲप मागे चालू असायची, आणि ती बंद करत बसायचास. माझा आयफोन सेकंडहँड असला तरी नवीन बॅटरी मी स्वतःच्या हाताने टाकली होती. पण जाऊ दे. कोणाचा फोन रात्री दहापर्यंत टिकतो, ती पैज हरलो ते हरलो. हरलेल्याने वर्षभर तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. तेव्हा एवढंच.

बाबा. तू खरं लिही म्हणालास म्हणून लिहितो. उजवा हात, उजवा पाय तसाच. बोलणं नाही. ‘त’ म्हणतात, सगळ्याला ‘त’. चहा पाहिजे ‘त’, टीव्ही लाव ‘त’. समजतं मात्र सगळं. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, त्या म्हणतात हळूहळू. डॉक्टर मात्र पहिल्याच दिवशी बोलले होते, दोन तास आधी आणला असता तर वेगळं असतं.

ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या दिवशी माझा फोन पावणेसातला बंद पडला. तुला माहितीये मी कुठे होतो? दुकानात. समोर चाळीस चार्जर लटकत होते. सगळ्या पिनांचे. हात लांब केला तरी एक हाताला लागला असता. पण नियम म्हणजे नियम. दहा वाजेपर्यंत चार्जिंगला हात लावायचा नाही, आणि तो नियम माझाच. मी तिथे बसून लोकांचे फोन चार्ज करत होतो आणि माझा मेलेला फोन शेजारी ठेवलेला. तिकडे शीळफाट्याला बाबा टेम्पो बाजूला घेऊन मला फोन लावत होते. जीभ जड झालेली. लोकांना वाटलं, प्यायलाय. आयुष्यात ज्यांनी विडी ओढली नाही ते. शेवटी कोणी एक नर्सबाई रिक्षातून उतरल्या, त्यांनी तोंड बघून ओळखलं. तोवर नऊ वाजलेले.

पैजेचं बाबांना अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, पोराचा फोन लागला नाही. मी सांगू शकत नाही.

जूनला गाळ्याचा करार संपतोय. पुढे करणार नाही. कोणी चार्जर मागितला की म्हणतो, संपलेत. अक्षदा म्हणते, दादा, वेडा झालास. असेन.

केदार


१६ मार्च २०२५
साइट

केद्या,

पत्र वाचलं. तीनदा वाचलं. आधी सांगतो, गाळा सोडू नको. तुझ्यासारखा हात ठाण्यात नाही. जो फोन लोक कचऱ्यात टाकायचे तो तू चालू करून द्यायचास. एका बाईचा फोन पातेल्यातल्या डाळीत पडलेला, आठवतं? तू तो उघडलास आणि म्हणालास, ‘काकू, फोडणी चांगली आहे, पण मीठ कमी.’ ती बाई रडत आलेली, हसत गेली. असं सोडून देतात का?

आणि तुझी चूक नाही. फोन काय, बंद पडतो. कोणाचाही पडतो. माझाही त्या दिवशी लागला नसता. मावशीच्या डोंबिवलीच्या खोलीत रेंजच नसते, तुला माहितीये. मागच्या बाजूची खोली, भिंतीला भिंत.

इथे परवा एक गोष्ट झाली. शिफ्ट सुटली आणि एक बिल्ला खिळ्यावर राहिला. सेहेचाळीस नंबर. मी ओरडलो, आत माणूस आहे. सायरन, गाड्या, दोन इंजिनियर पळाले. अर्ध्या तासाने कळलं, सेहेचाळीस नंबरवाला बाहेरच होता, खोलीत झोपलेला. दिवा परत न करताच गेला, बिल्ला विसरला. सुपरवायझरने त्याला शिव्या घातल्या. मला म्हणाला, ‘तू बरोबर केलंस. ओरडला नसतास तर तुला काढला असता.’ सगळे पाठ थोपटत होते. मला जेवण गेलं नाही.

का नाही गेलं ते राहू दे.

काकांना माझा नमस्कार सांग. नाही, नको सांगू. नुसतं बघ त्यांच्याकडे.

आयफोनवरून सुपरवायझरशी भांडायचं मी सोडलंय. तो म्हणतो, काय रे चार्जिंगवाल्या, हवा निघाली? मी म्हटलं, हो साहेब.

संद्या


१० एप्रिल २०२५
कोपरी

संद्या,

आज एक गोष्ट कळली, लगेच लिहायला बसलो.

बाबांचा तो बटणाचा फोन त्या दिवसापासून हॉस्पिटलच्या पिशवीतच होता. आम्ही कोणी काढलाच नाही. आज अक्षदाने कपाट आवरताना बाहेर काढला आणि चार्जिंगला लावला. मी घरी आलो तर मला म्हणाली, “दादा, हे बघ.” केलेल्या फोनांची यादी. पहिला मला, सात वाजून पाच. मला सहा वेळा. आणि मग तुला. सात बावीसपासून चार वेळा. ‘संदेश’ असं नाव. तूच टाकून दिलं होतंस ना त्यांच्या फोनमध्ये?

अक्षदाला का नाही केला, हे मी किती दिवस विचारत होतो. आता समजलं. त्यांना झटका आलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. चक्कर आलीये, टेम्पो चालवायला कोणीतरी पाहिजे, एवढंच. टेम्पो चालवता येतो आपल्या दोघांनाच. त्यांना टेम्पोची काळजी होती रे. स्वतःची नाही.

तुझ्या मावशीकडे रेंज नव्हती हे तू लिहिलंस. तेव्हा तुला माहीत नव्हतं की ते तुलाही लावत होते. आता तुला सांगतोय तर वाईट वाटून घेऊ नको. तुझा दोष नाही. भिंती तुझ्या नाहीत. माझ्यापुढे चाळीस चार्जर होते, तुझ्यापुढे काय होतं? खोटं नाही सांगत, यादीत तुझं नाव बघून मला बरं वाटलं. असं वाटलं, मी एकटा नाही. तू पण होतास तिथे, फक्त तुझ्याकडे कारण आहे.

तू हॉस्पिटलला माझ्या आधी पोचलास, ते मी विसरलो नाही. सही तू केलीस. रक्त तू दिलंस. आई नाही आम्हाला, पण त्या रात्री तू होतास. बाबांनाही ते माहीत आहे. तुझ्या नावावर अजून त्यांचे डोळे भरतात.

केदार

ता. क. बाबा काल माझ्याकडे बघून ‘के’ म्हणाले. अक्षदा नाचली. मी आत गेलो.


२९ मे २०२५
साइट

केदार,

तुझं पत्र एप्रिलच्या शेवटी मिळालं. महिना झाला, उत्तर नाही. चार पत्रं लिहिली, फाडली. हे पाचवं. आज गाडी खाली पोस्टात जाते आहे, ड्रायव्हर गेटवर हॉर्न वाजवतोय. म्हणून हे फाडता येणार नाही.

मावशीच्या खोलीत रेंज आहे. चांगली आहे. चार काड्या.

त्या रविवारचं लिहितो, जसं झालं तसं. दिवसभर आपण सोबत होतो. ब्राइटनेस अर्धी, दोघांची सिम चालू, नेट चालू, दुपारी दोघांनी एकच मॅच पाहिली. फोन फोनसारखा चालू पाहिजे, हा नियम तूच म्हणालास. सहा वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर आपण वेगळे झालो. तू म्हणालास, दहाला स्क्रीनचा फोटो पाठव. तेव्हा मी तुझा फोन हातात घेतला होता, आठवतं? ‘बघू’ म्हणून. तुझे चौदा टक्के होते. माझे अकरा. मी तुला सांगितलं, माझे सतरा.

तू हरणारच नव्हतास. माझा साडेसातच्या पुढे गेला नसता. तुझा कदाचित आठ-साडेआठला पडला असता. तू पुलावरून खाली उतरताना सतरा ऐकून तोंड पाडलंस आणि दुकानात गेल्यावर सारखा स्क्रीन उघडून टक्के बघत बसलास, तूच नंतर सांगितलंस, म्हणूनही तो लवकर गेला असेल. ते मला नंतर सुचलं.

मावशीकडे पोचलो आणि फोन विमान मोडवर टाकला. वरती ते छोटं विमान आलं. सिम बंद, नेट बंद, सगळं बंद. मग बॅटरी काय संपणार. मी जेवलो. मावशीच्या पोरांबरोबर पत्ते खेळलो. मध्ये मध्ये बघायचो, अकरा. परत बघितलं, दहा. मला एवढी मजा येत होती केद्या. उद्या तुझं तोंड कसं होईल ते मी पोरांना करून दाखवत होतो.

पावणेदहाला विमान काढलं. फोटोत काड्या दिसायला पाहिजेत ना, नाहीतर तू पकडला असतास. काड्या आल्या आणि पाठोपाठ मेसेज. कंपनी पाठवते ना, तुमचा फोन बंद असताना या नंबरवरून कॉल आले होते. कुंडलिक काका. सात बावीस. सात एकतीस. सात चव्वेचाळीस. आठ दोन.

आता जे लिहितो ते कोणालाच माहीत नाही, आईला पण नाही. नाव वाचलं होतं मी. आणि तरी आधी स्क्रीनशॉट काढला. नऊ टक्के. मेसेज स्क्रीनवर मध्ये येत होते, ते वरती सरकवले आणि स्क्रीनशॉट काढला. मग काकांना फोन लावला. तो त्या नर्सबाईंनी उचलला.

मावशीच्या खोलीतून शीळफाटा मोटारसायकलने वीस मिनिटं. मावशीच्या घरची गाडी दारात होती. मला टेम्पो चालवता येतो. काकांनीच शिकवला, कल्याणच्या मार्केटच्या मागच्या मैदानात. मी गिअर जोरात ओढला की म्हणायचे, ‘पोरा, म्हशीला पण एवढं ओढत नाहीत.’

मेसेज पुसले. हॉस्पिटलला सही केली, रक्त दिलं, पळापळ केली. तुला वाटलं दोस्ती. तू मला मिठी मारलीस आणि म्हणालास, माझ्यामुळे झालं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं पण होतं. मग म्हणालो, रेंज नव्हती, बाहेर पडल्यावर नर्सबाईंचा फोन लागला. त्यानंतर एक महिना मी तुझ्या दुकानात बसलो आणि तू रोज चार्जरकडे बघायचास. ते मला सहन होईना. म्हणून अरुणाचल. इथे पगार बरा आहे हे सगळ्यांना सांगितलं. फोन काढून घेतात हे कळलं तेव्हा सगळे वैतागले होते, मी एकटाच खूश होतो.

माझं नाव यादीत बघून तुला बरं वाटलं असं तू लिहिलंस. त्या ओळीने मला झोपू दिलं नाही. तू माझ्यासाठी कारण शोधतोयस आणि स्वतःला एक पण देत नाहीस. तुझा फोन खरा बंद पडला होता, केदार. माझा चालू होता.

गाळा सोडू नको. त्यासाठी तरी हे वाच. तुझी चूक असेल तर एवढीच की तू नियम पाळलास.

काय म्हणायचं ते म्हण. नको असेल तर लिहू पण नको.

संदेश


६ जुलै २०२५
कोपरी

संदेश,

तुझं पत्र १७ जूनला मिळालं. उत्तराला झालेला उशीर टपालाचा नाही, माझा आहे.

गाळा मी १३ तारखेला सोडला. तुझ्या पत्राच्या चार दिवस आधी. पोस्टमनने दुकान बंद बघितलं आणि पत्र घरी आणून दिलं. एवढा महिना तू फाडाफाड केली नसतीस तर कदाचित सोडला नसता. कदाचित सोडलाही असता. आता तिथे एक जण लस्सी विकतो. मी बाबांचा टेम्पो चालवतो. पहाटे कल्याणच्या मार्केटला, तिथून माल घेऊन ठाण्यात. शीळफाट्याला दिवसातून दोनदा थांबावं लागतं. तिथे बाजूला टेम्पो उभा करायला बरीच जागा आहे. मला वाटायचं नसेल.

तू वीस मिनिटांवर होतास. हे वाक्य तीनदा खोडलं आणि परत लिहिलं. राहू दे.

आता दुसरं सांगतो. तुझं पत्र मी बाबांच्या पलंगाशी बसून वाचत होतो. वाचता वाचता ती ओळ आली. तुझे चौदा टक्के होते, माझे अकरा. तुला माहितीये माझ्या मनात पहिलं काय आलं? बाबा नाही. तुझा राग पण नाही. मनात आलं, म्हणजे मी जिंकलो होतो.

आणि मला आनंद झाला, संदेश. खरा. एखादं सेकंद असेल, जास्त नसेल. हातात तुझं पत्र, समोर बाबा, त्यांच्या तोंडाच्या उजव्या कडेने चहा गळतोय, आणि मी माझा आयफोन जिंकला म्हणून खूश. अक्षदा कपडे घडी करत होती. म्हणाली, “दादा, काय आलंय पत्रात? हसतोयस.” त्या पोरीने किती महिन्यांनी मला हसताना बघितलं होतं. तिचं तोंड किती फुललं. मी पत्र घडी करून खिशात टाकलं आणि बाबांचं तोंड पुसलं. उरलेलं पत्र टेम्पोत वाचलं.

तू नाव वाचूनही आधी स्क्रीनशॉट काढलास. तीन आठवडे तुला शिव्या देत होतो, टेम्पोत, एकटा, मोठ्याने. शिव्या संपत आल्या की ते एक सेकंद आठवायचं. मग पुढे जमायचं नाही.

म्हणून माफ केलं असं लिहीत नाही. नाही केलं असंही नाही. ते माझ्याकडे नाहीच. ज्यांच्याकडे आहे ते आता ‘के’ म्हणतात, ‘अक्’ म्हणतात, आणि परवा खिडकीत बसून ‘टेम्पो’ म्हणाले, अगदी स्पष्ट. त्यांना सगळं समजतं. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही, पैजेचं पण नाही, आणि तुझं मी सांगणार नाही.

सुट्टी घे आणि ये. त्यांच्यासमोर खाली बस आणि तुझं तू सांग. मी शेजारी बसतो आणि माझं सांगतो. ते काय करतील ते मला माहीत नाही. डावा हात चांगला चालतो, मारतील कदाचित. किंवा तोंड भिंतीकडे करतील. रडलेच तर मला बघवणार नाही, तुला पण नाही. जे करतील ते तिथे बसून घ्यायचं, उठून जायचं नाही. तुला उठून जायची सवय आहे म्हणून लिहितोय.

आणि आधी तू बोल. मला पहिलं बोलायला जमणार नाही.

केदार